अक्काची पट्टी

जयवंताबाईंनी दोन्ही भावांना हुरड्याचं बोलावणं केलं आणि दोघांनाही एकच खोटं सांगितलं. दुसरा येणार नाही म्हणाल्या.

खोटं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. साठी गाठलेली ही बाई घरात सगळ्यांत थोरली. गाव त्यांना अक्का म्हणे. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या, तेव्हा वडिलांनी नाल्याच्या वळणावरची एक खडकाळ पट्टी त्यांच्या नावे करून दिली. तलमडुग्याच्या तहसील कचेरीतून येताना म्हातारा म्हणाला होता, "कोनाच्या दारात उभं राहाची पाळी आली, त तिथं नोको उभी राहू. इथं येऊन उभी राह्य." त्या पट्टीत अक्का दरसाल ज्वारी घेत. दाणा बारीक यायचा, पण हुरडा मात्र अख्ख्या शिवारात असा गोड नाही, असं त्या स्वतःच सांगत.

पट्टीच्या वरच्या अंगाला नाल्याच्या एका काठावर थोरला भाऊ उद्धवराव आणि दुसऱ्या काठावर धाकटा चंपतराव. दोघांच्या मध्ये फक्त नाला, आणि दोघांचं एकमेकांशी तोंड बंद.

भांडण मातीवरून झालं होतं. म्हणजे खरोखरच मातीवरून. मागं एकदा मोठा पूर आला आणि नाल्यानं उद्धवरावांचा काठ खाल्ला. ती सगळी काळीभोर माती त्यानं समोर नेऊन चंपतरावांच्या वावरात पसरली. पूर ओसरल्यावर उद्धवरावांनी बैलगाडी जुंपली, फावडं आणि टोपली घेतली आणि आपली माती परत आणायला निघाले. चंपतराव वावराच्या कडेला, धुऱ्यावर आडवे झोपले.

"माती काय तुयं नाव सांगत आली का?" त्यांनी झोपल्याझोपल्या विचारलं होतं.

"माती मायी हाये. रंगावरून वळखतो मी!"

गाडी रिकामी परतली, आणि तेव्हापासून दोघं जे काही बोलायचं ते अक्कामार्फत बोलू लागले. "त्याले सांग, मायच्या तेराव्याले आचारी मी सांगून राह्यलो." "त्याले सांग, सांग म्हणा." अक्का निरोप पोचवत. सुरुवातीला जसाच्या तसा पोचवत, मग त्यातले काटे काढून पोचवत, आणि पुढं पुढं तर निरोप स्वतःच तयार करू लागल्या. उद्धवरावांनी रागानं पाठवलेलं "मले त्याचं तोंड पाह्यचं नाई" हे वाक्य चंपतरावांपर्यंत जाईतो "दादा इचारत होता, तब्येत बरी हाये का" असं होऊन जाई. घर मोडलं नाही ते या लबाडीवर.

यंदा मात्र लबाडीही पुरेना. गावात पाणलोटाचं काम आलं होतं. गाव त्याला वाटरशेट म्हणे. राजन्ना सार म्हणून त्या कामावरचा, निर्मल गावाकडचा एक तेलुगू साहेब काखेत पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन शिवारभर हिंडायचा, उताराची पातळी घ्यायचा आणि प्रत्येकाला आपल्या हिंदीत तेच समजवायचा : दौडता पानी को चलाव, चलता पानी को रोको, रुका हुआ पानी को जमीन में उतारो. डोंगरावर आडवे चर झाले होते. आता नाल्यावर एक मोठा मातीबांध व्हायचा होता. त्याची एक बाजू उद्धवरावांच्या काठाला टेकणार, दुसरी चंपतरावांच्या. दोघांचीही थोडी थोडी जमीन त्यात जाणार, आणि दोघंही नाही म्हणत होते. उद्या गावाची सभा. तिथं जमीनवाल्यांनी होकार दिला नाही तर हा बांध भीमपुराकडच्या एका गावाला जाणार होता.

अक्कांना बांध पाहिजे होता. शिमगा आला की दोन्ही भावांच्या विहिरी तळ दाखवत आणि घरच्या बाया मारुतीजवळच्या हापशीवर ताटकळत बसत. त्या बायांत अक्काही असत. शिवाय नाला दरसाल काठ खातच होता. हे असंच चाललं तर भांडायला माती तरी कुठून उरणार, असं त्यांना वाटे.

म्हणून दोन दिवसांपूर्वी त्या उद्धवरावांच्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि सुपारी कातरत म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, चंपतनं बांधाले नाई म्हणतलं ते."

"काऊन नाई म्हणतलं?" उद्धवराव सावध झाले.

"तो म्हणते, पानी अडलं की गाळ दादाच्या काठाले बसन. गेली तेवढी माती त्याले वापस भेटन. मले ते पाह्यवनार नाई म्हणते."

उद्धवरावांचे कान लाल झाले. अक्का सुपारी तोंडात टाकून उठल्या आणि नाला ओलांडून चंपतरावांच्या खळ्यावर गेल्या. तिथं त्यांनी सांगितलं की दादा बांधाला आडवा येऊन राहिला, कारण पाणी अडलं की आधी चंपतची विहीर भरणार आणि ते त्याला सोसवणार नाही. चंपतरावांनी हातातला दोर खाली आपटला.

"मी देतो जमीन! पायतो तो कसा आडवा येते!"

"मी काई नाई म्हणतलं बावा," अक्का म्हणाल्या. "सार परवा हुरड्याले येनार हायेत मायाकडे. त्यायलेच सांग. उद्धव नाई येत."

आता तो परवा उजाडला होता. दुपार कलली होती. पट्टीच्या मधोमध खड्ड्यात गोवऱ्यांचा आर फुलला होता आणि अक्का निखाऱ्यांत कोवळी कणसं खुपसत होत्या. आधी उद्धवराव आणि वच्छलाबाई आले. मागून चंपतराव आणि लक्ष्मीबाई. एकमेकांना बघताच दोन्ही भाऊ जागीच थबकले.

"तू त म्हणत होती..." उद्धवराव सुरू झाले.

"याचा इनकार होता, पन आला. आता काय हाकलू?" असं म्हणत अक्कांनी त्यांना आगटीच्या या टोकाला बसवलं. दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी तेच वाक्य चंपतरावांना ऐकवलं. वच्छलाबाई डावीकडं, लक्ष्मीबाई उजवीकडं. दोघी जावा पदर सावरून पाठमोऱ्या बसल्या. नवरे बोलत नाहीत म्हणून त्याही चारचौघांत बोलत नसत. राजन्ना सारांना अक्कांनी मधोमध पोतं अंथरून दिलं. सारांनी नळीचं वेटोळं बाजूला ठेवलं आणि गरम कणीस या हातातून त्या हातात उडवत हसले.

अक्कांचा बेत साधा होता. दोघांनी सारांकडं बघून होकार द्यायचा, एकमेकांकडं बघायचंच नाही. हुरडा चोळायला लागलं की माणसाचं तोंड आणि हात दोन्ही गुंतलेले राहतात, हा त्यांचा हिशेब. त्यांनी जवसाची चटणी फिरवली, दह्याचं गाडगं फिरवलं आणि सारांना खूण केली.

"तो उद्धवरावजी, बांध का क्या सोचे?" सारांनी विचारलं.

"देतो," उद्धवरावांनी एका दमात सांगून टाकलं. आणि तिथंच थांबले असते तर काम झालं असतं. पण त्यांना एवढ्यावर समाधान कसं वाटणार? ते पुढं म्हणाले, "माया काठाले गाळ बसन त बसन. कोनाले जळाचं असन त खुशाल जळो."

चंपतरावांच्या मुठीतला हुरडा तसाच राहिला. "सार, त्यायले सांगा, हितं कोनी जळून नाई राह्यलं. मी बी देतो. मायी विहीर भरली म्हणून ज्याच्या पोटात दुखते, तो दवा घेईन."

"कोनाच्या पोटात दुखून राह्यलं? मी त हो म्हणतलं!"

"तू आडवा येनार होता न!"

"मी? आडवा त तू येत होता, मले माती भेटन म्हणून!"

"मी असं कवा म्हणतलं?"

"मंग मी कवा म्हणतलं?"

नाल्यापलीकडं एक टिटवी ओरडली. दोन्ही भावांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. अक्का कणसावरची राख फुंकत होत्या. बऱ्याच वेळापासून फुंकत होत्या. त्या कणसावर आता राखेचा कणही उरला नव्हता.

"अक्का," उद्धवराव म्हणाले.

"खा न बाप्पा, थंडा होते."

"अक्का!" हे चंपतराव. "तू त्याले काय सांगतलं?"

"जे तुले सांगतलं तेच. जरा उलटं करून."

सारांना मराठी थोडंच कळे, पण हे कळलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. भावांना मात्र हसू आलं नाही. उद्धवराव उठून उभे राहिले, चंपतरावही उठले. इतक्या वर्षांत दोघांनी एकाच गोष्टीवर एकाच वेळी रागावण्याचा योग पहिल्यांदा आला होता.

"मंग मी नाई देत जमीन," उद्धवराव गरजले.

"मी बी नाई देत," चंपतराव म्हणाले. "अक्काले लय हौस हाये न बांधाची? त अक्काच्याच पट्टीत बांधा, सार!"

हे तोंडातून निघून गेलं आणि चंपतराव स्वतःच चपापले. पण तेवढ्यात आगटीच्या पलीकडून आवाज आला.

"चंपत बरोबर म्हणते."

उद्धवराव म्हणाले होते हे. निरोप्याशिवाय, थेट. धाकट्याचं नाव घेऊन. वच्छलाबाईंच्या हातातली चटणीची वाटी कलंडली. चंपतरावांनी खाली मान घातली आणि उगाचच पायानं ढेकूळ फोडू लागले. अक्कांच्या मनात आलं, इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी आपण जीभ झिजवली, ते निघालं ते आपल्याला बुडवण्यासाठी. याला हसावं की काय करावं, त्यांना सुधरेना.

राजन्ना सार मात्र हसायचे थांबले होते. त्यांनी नळी उचलली. एक टोक चंपतरावांच्या हाती दिलं, दुसरं उद्धवरावांच्या, आणि दोघांना वळणाच्या दोन्ही अंगांच्या खडकांवर उभं केलं. नळीतलं पाणी हललं, डुललं, स्थिर झालं. सार खाली बसून पाहत राहिले. मग सावकाश आगटीपाशी आले.

"अम्मा, जगह यहीच अच्छी है. दोनों तरफ पत्थर, बीच में तंग. मिट्टी भी कम लगेगी, पानी ऊपर तक रुकेगा. दोनों की बावड़ी को लगेगा." ते थोडं थांबले. "मैं पहले दिनच देखा था. पूछने को दिल नहीं हुआ. तुम्हारा तो पूरा डूबेगा."

अक्कांनी समोर पाहिलं. बारीक दाण्याची, तरी डोलणारी ज्वारी. मधला तो काळा दगड, ज्यावर टेकून त्या भाकर खात. भावजयांशी खटकलं, भाचीच्या लग्नात मानपान चुकला, कुणी नुसतं "तुमचं काय, तुमी एकट्या" असं म्हणून गेलं, तरी त्या खुरपं उचलून इथं येत. काही काम नसलं तरी येत. हे सगळं पाण्याखाली जायचं, आणि बांध पाहिजे म्हणून गावभर ओरडलो तेही आपणच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पटकन खोटं सुचेना.

"बांधा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा निघाला नाही. "मायीच हौस हाये, मायीच पट्टी जाईन."

भावांना वाटलं होतं ती भांडेल. चार शिव्या देईल, काहीतरी लबाडी काढेल. ती नुसती बसून राहिली तसे दोघंही अवघडले. तेव्हा आगटीच्या डावीकडून वच्छलाबाई उठल्या.

"आन अक्का खाईन काय? पानी?"

प्रश्न नवऱ्याला होता, पण उत्तर आलं उजवीकडून.

"मी बी तेच म्हणून राह्यली, जाऊबाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "डोंगराकडून तुमी थोडं द्या, आमी हिकडून थोडं देतो. जमिनीच्या बदल्यात जमीन. नाई त बांध नाई."

"हाव. आन काळीतून द्याचं. मुरमाड नाई चालनार."

"आमच्याकून बी काळीतूनच. तो नाल्याच्या कडेचा तुकडा लय चांगला हाये, तुमी म्हणत होत्या न मांगं?"

दोन्ही भाऊ एकमेकींकडं पाहून बोलणाऱ्या बायकांकडं आ वासून पाहत राहिले.

"तुमी दोघी बोलता?" उद्धवरावांनी विचारलं.

"मंग? तुमी नाई बोलत," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमी नाई बोलाचं असं आमाले कोनी सांगतलं?"

"हापशीवर काय तोंडात पानी धरून उभं राह्यचं?" लक्ष्मीबाईंनी पुस्ती जोडली. "आन तुमी परवा बोटं चाटून खाल्लं ते लोनचं, ते कोनाच्या घरचं होतं वाटते तुमाले?"

चंपतरावांनी काही तरी गिळलं. बहुतेक तेच लोणचं त्यांना आठवत असावं. अक्का मान वर करून दोघी भावजयांकडं पाहत होत्या. दोघी बोलतात हे त्यांना ठाऊक होतं, पण आपल्यासाठी ते असं उघड्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं निरोप नेणाऱ्या बाईसाठी कुणी निरोप्याविना बोललं होतं.

"मायी जमीन अशीच देऊ का?" उद्धवराव पुटपुटले.

"आता सारापुढं देतो म्हणतलं न तुमी?" वच्छलाबाईंनी लगेच धरलं. "बांधाले देत होते. सख्ख्या बहिणीले द्याले काय झालं?"

"आन जमीन तुमच्याकडल्या काठाले नाई जात न आता," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आमच्याकडल्या बी नाई. दोघायचं समाधान."

हे मात्र खरं होतं. दोघांनीही मनातल्या मनात पडताळून पाहिलं. जाणार होती जवळजवळ तेवढीच जमीन. पण भावाच्या फायद्यासाठी गेली असं आता कुणी म्हणू शकणार नव्हतं. उद्धवरावांच्या कपाळावरची शीर उतरली. त्यांनी खाकरून समोर पाहिलं.

"चंपत, तू देतो का?"

"तू देशीन त देतो, दादा."

"मंग दे."

"आधी तू दे."

"अरे, मी मोठा हाये!"

"मोठ्यानंच आधी द्यावं न!"

पुन्हा सगळं बिनसतं की काय अशी वेळ आली, तेवढ्यात राजन्ना सार पोत्यावरून उठले. त्यांनी आपल्या मोटारसायकलला अडकवलेली फक्कीची पिशवी सोडून आणली. बांधाची आखणी करायची ती पांढरी भुकटी. पिशवीच्या कोपऱ्याला बोटाएवढं भोक होतं. त्यांनी ती अक्कांच्या हाती ठेवली.

"अम्मा को चलने दो. अम्मा जहाँ लकीर मारी, वो अम्मा का. कल सभा में दोनों हाथ ऊपर करना. बस."

"चालन," उद्धवराव म्हणाले. साठीची बाई, गुडघे धरलेले. किती चालणार?

"चालन," चंपतरावांनाही तेच वाटलं.

अक्कांनी पिशवी तोलून पाहिली. मग लुगड्याचा ओचा वर खोचला, वाहाणा आगटीपाशीच काढून ठेवल्या आणि आधी उद्धवरावांच्या काठावर चढल्या. काळ्या मातीत पाऊल जरा रुतलं. मऊ होती, गार होती. बाजरीएवढ्या दाण्यांसाठी आयुष्यभर खडकात कुदळ मारली आणि हे इथं हाताच्या अंतरावर होतं, असं त्यांच्या मनात आलं. त्या चालू लागल्या. मागं पांढरी रेघ उमटत चालली.

हरभऱ्याच्या ओळी संपल्या. अक्का वळतील असं सगळ्यांना वाटलं. अक्का वळल्या नाहीत. तुरीचं शेत सुरू झालं. त्या तुरीतून आरपार निघाल्या.

"अक्का, बस झालं!" उद्धवरावांनी हाक मारली.

"आयकू नाई येत, बाप्पा!" तुरीतून आवाज आला.

चंपतराव पोट धरून हसत सुटले. इतकं हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "घे दादा! आता वळख रंगावरून!" लक्ष्मीबाईही हसल्या, वच्छलाबाई हसल्या, आणि शेवटी उद्धवरावांच्या मिश्यांखालीही काहीतरी हललं. अक्का लांबवर जाऊन वळल्या, नाल्याच्या काठानं खाली आल्या, रेघेला रेघ मिळवली आणि न थांबता नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरल्या. मग समोरच्या काठावर चढल्या. चंपतरावांच्या वावरात. नेमक्या त्या जागी, जिथं पुरानं आणून टाकलेली काळीभोर माती होती.

चंपतरावांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"अक्का! ए अक्का! तिकडं नोको!"

अक्का चालतच होत्या. गुडघे दुखत नव्हते. उलट पाऊल लांब पडत होतं.

"दादा!" चंपतराव धावत सुटले. "दादा, तिकडून आडवा हो तिले! वरून ये, वरून!"

आणि उद्धवराव धोतराचा सोगा हातात धरून धावले. त्या वावरात त्यांनी मुद्दाम कधी पाय ठेवला नव्हता, पण या क्षणी ते आठवायला कुणाला सवड होती? एक भाऊ खालून, एक वरून, ढेकळांत अडखळत, एकमेकांना ओरडून वाट सांगत. मधून अक्का चालल्या होत्या, पदर सुटलेला, केसांत तुरीचा पाला. पिशवीत अजून बरीच फक्की शिल्लक होती.